धुराडं की विहीर

आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या डब्यात हल्ली एक तांबडी कोंबडी अंडी घालते. आतला सगळा पसारा काढून आईनं त्यात उसाचं पाचट अंथरलंय. मागं जिथं पंखा गरगरायचा त्या गोल भोकातून मान बाहेर काढून कोंबडी येणाऱ्याजाणाऱ्याकडं संशयानं बघत असते. एके काळी त्या डब्याला फडक्यानंसुद्धा पुसायची आम्हाला भीती वाटायची. आता त्यावर शेणाचे शिंतोडे आहेत आणि डबा पहिल्यापेक्षा सुखात दिसतो.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घर धुवायला काढतात. त्यासाठी मी सुप्याच्या कंपनीतून सुट्टी काढून काष्टीला आले होते. आईनं पत्र्याची ट्रंक अंगणात ओढली, झाकण उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास भक्कन नाकात शिरला. तिच्या लग्नातला शालू, माझं लहानपणचं झबलं, आजोबांचा फेटा आणि सगळ्यांच्या खाली, खणाच्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी चपटं, जड. मी सोडून पाहिलं. कॉम्प्युटरची हार्ड डिस्क होती.

"ही इथं कशी गं?"

"दादानं जाताना सांगितलं व्हतं," आई ट्रंकेतच डोकं घालून बोलली. "आई, सगळं ह्याच्यात हाय, ही फेकू नको. म्या म्हनलं, सगळं हाय तर सोन्याजवळच ठिवावं."

सोनं केव्हाच मोडून झालं होतं. डिस्क मात्र राहिली होती. आणि आईचं काही चुकलं नव्हतं. तिच्यात खरोखरच सगळं होतं. तिच्यात आमचं गाव होतं, दादानं आणि मी कॉम्प्युटरवरच्या एका खेळात बांधलेलं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांना सांगते. या खेळात सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. माती ठोकळ्यांची, दगड ठोकळ्यांचे, झाडं ठोकळ्यांची, ढगसुद्धा ठोकळ्यांचे. ठोकळा फोडायचा आणि हवा तिथं लावायचा, एवढंच काम. जिंकणं नाही, हरणं नाही. हल्ली ज्याच्या त्याच्या मोबाईलवर दिसतो तो या घराण्यातला श्रीमंत खेळ. आमच्याकडं होता तो त्याच्या भावकीतला, साधा, फुकटातला, कुणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून आलेला. आम्हाला त्याच्यात काही कमी आहे हे ठाऊकच नव्हतं, त्यामुळं काही कमी पडलंही नाही.

कॉम्प्युटर ठेवला होता गुऱ्हाळाशेजारच्या खोलीत, कारण तिथं वायर पोचत होती. आप्पांचं, म्हणजे वडिलांचं, गुऱ्हाळ होतं. रस आटवून गूळ उतरवायचं काम ते स्वतःच करायचे. त्यामुळं त्या खेळाची आठवण मला एकट्याची कधी येतच नाही. ती येते ती उकळत्या रसाच्या वासासकट. चरकाची घरघर, भेंडीचं चिकट पाणी टाकल्यावर काहिलीत, रसाच्या त्या भल्यामोठ्या कढईत, वर येणारी हिरवट मळी, तिच्याखालच्या चुलवाणात कोंबलेल्या चिपाडांचा चरचराट, आणि मग दुपारनंतर कधीतरी रस पिकल्याचा तो खमंग, गोड, किंचित करपलेला वास खिडकीतून आत यायचा. कीबोर्डची बटणं कायम चिकट असायची. बाजारच्या दिवशी रस्त्यावरून बैल जायचे, त्यांच्या गळ्यातली घुंगरं वाजायची, आणि खेळातल्या शांत हिरव्या माळावर आम्हाला ती ऐकू यायची. त्या खेळाला स्वतःचा असा आवाजच नव्हता. स्पीकर बिघडलेले होते. जो काही आवाज होता तो गुऱ्हाळाचा.

कॉम्प्युटर एक आणि खेळणारे दोघं. दादा माझ्याहून बराच मोठा, मिसरूड फुटलेला, आणि मी दोन वेण्या घालणारी. भांडून कंटाळल्यावर आम्ही वाटणी केली. कीबोर्ड त्याच्याकडं, माउस माझ्याकडं. कीबोर्डनं चालायचं, माउसनं बघायचं. म्हणजे पाय त्याचे, डोळे माझे. हातही माझेच, कारण ठोकळा फोडायचं आणि लावायचं बटण माउसवर. खेळातला तो एकच माणूस आम्ही दोघं मिळून चालवायचो.

"अगं, पुढं बघ की!"

"तू आधी थांब की! मी अजून चिंचेकडं बघतीय."

तोवर आमचा माणूस कॅनॉलमध्ये पडलेला असायचा. पहिले काही दिवस तो सारखा पडत होता. मग हळूहळू दादाला माझी मान कुठं वळणार ते कळायला लागलं आणि मला त्याचा पाय कधी उचलणार ते. शेवटी शेवटी तर आम्ही बोलतही नव्हतो. तसं माझं पुढं कुणाबरोबरच जमून आलं नाही. कंपनीत टीमवर्कवर भाषणं ऐकते तेव्हा मला त्या चिकट कीबोर्डची आठवण होते आणि हसू येतं.

लाइट जायची. न सांगता जायची, सांगूनही जायची. यूपीएस टीं टीं करायला लागला की दादा ओरडायचा, "घर धर!" कारण लाइट गेली तर जाऊ दे, पण आमचा माणूस उघड्यावर राहायला नको. मग धावत घरात शिरायचं, दार लावायचं, आणि अंधारलेल्या पडद्यासमोर दोघांनी हुश्श करायचं.

आप्पा सुरुवातीला नावं ठेवायचे. "लई झालं मातीकाम. खऱ्या वाफ्यात कुदळ घ्यायला ह्यांची कंबर दुखती." एकदा पाणी प्यायला आत आले, पंच्यानं मान पुसत पडद्यासमोर थांबले. आम्ही गुऱ्हाळच बांधत होतो.

"चुलवानाचं तोंड तिकडं का केलंय रं?"

"असंच," दादा म्हणाला.

"असंच कसं? वारं मावळतीकडनं येतंय. सगळा धूर काहिलीवर येईल. फिरवा."

त्या खेळात वारा नव्हता आणि धूरही नव्हता. पण आम्ही चुलवाण फिरवलं. त्यानंतर आप्पांना त्या खोलीतून कुणीच हलवू शकलं नाही. काहील उतरली की ते येऊन खाटेवर बसायचे आणि तिथून हुकूम सोडायचे. चरक इथं नको. ढेपा ठेवायला जागा कुठाय? उसाचा फड एवढा लांब, मोळ्या तुझा सासरा आणणार का?

ऊस म्हणजे त्या खेळातलं लव्हाळ्यासारखं एक हिरवं रोप. त्यालाच आम्ही ऊस ठरवलं होतं. गुळाच्या ढेपा नारिंगी लोकरीच्या. आईचं म्हणणं फक्त एकच होतं. दारातून वाकून ती सांगायची, "माझी धुण्याची दोरी धुराड्यापास्नं लांब बांधा. हितं तरी मला पांढरं लुगडं पांढरं दिसू द्या."

त्याला कारण होतं. आमच्या गुऱ्हाळाचं खरं धुराडं बुटकं होतं, विटांचं, वरून एका बाजूनं ढासळलेलं. धूर वर जायच्याऐवजी अंगणात फिरायचा. हंगामभर आमचे डोळे लाल, आईची धुणी करडी. धुराडं उंच करायचं, ही आप्पांची एकच हौस. दर हंगामाच्या आधी ते विटा बघून यायचे आणि दर हंगामात काहीतरी आडवं यायचं. मग धुराडं राहायचं.

खेळात आडवं यायला काही नव्हतं. विटा संपत नव्हत्या. एका पावसाळ्यात, गुऱ्हाळ बंद असताना, आम्ही धुराडं चढवायला घेतलं. एक थर लावायचा, त्यावर उभं राहायचं, पुढचा लावायचा.

"बास?" मी विचारायचे.

"अजून एक," आप्पा म्हणायचे.

मी एक लावायचे. ते डोळे बारीक करून बघायचे, मान तिरकी करायचे. "अजून एक."

असं दिवसचे दिवस चाललं. खालचं गाव आगपेटीएवढं झालं. मग आम्ही ढगांत शिरलो, पडदा पांढरा झाला, आणि आप्पा पुढं सरकून म्हणाले, "थांबू नको, अजून एक." ढग पायाखाली गेल्यावर ते समाधानानं खाटेवर मागं रेलले. टोकावर त्यांनी एक दिवा लावायला सांगितला, श्रीगोंद्यावरून दिसला पाहिजे म्हणून. मग चहा मागितला. तो घोट घेता घेता त्यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी नंतर खऱ्या गुळाची एखादी काहील चांगली उतरल्यावरच पाहिलं.

विहिरीची गोष्ट याच्या उलटी. या खेळात पाणी फार स्वस्त असतं. एक बादली आणून ओतली की झालं तळं, आणि ते कधी आटतही नाही. दादाला ते मुळीच पटेना. त्या वर्षी आमच्या वस्तीवर बोअरचा धडधडाट ऐकू यायचा, पांढरी धूळ उडायची आणि ओली माती काही वर यायची नाही. "असं बादलीनं पाणी आणून व्हय गं इहीर?" तो म्हणाला. "लागलं पाहिजे." मग आम्ही नियम केला. विहिरीत पाणी ओतायचं नाही. खणायचं, आणि लागेल तेव्हाच म्हणायचं की पाणी आहे.

दुसऱ्या कुठल्या मुलुखातल्या मुलांनी असला नियम केला असता असं मला वाटत नाही.

आम्ही खणत राहिलो. एका कडेनं शिडी लावत, मशाली खोचत, खाली खाली. माती संपली, मुरूम संपला, काळा दगड लागला. वर बघितलं की आभाळ टिकलीएवढं दिसायचं. दादाचे पाय शिडीवर, माझे डोळे अंधारात. आप्पा खाटेवरून विचारायचे, "वलावा?" आम्ही म्हणायचो, "न्हाई." धुराडं वर चाललं होतं आणि विहीर खाली, आणि मधे आमचं गाव, त्यातली चिंच, मारुतीचं देऊळ, आईची दोरी.

पाणी लागलं ते दादा नोकरीला निघाला त्याच्या आदल्या दिवशी. त्याची पिशवी दारात भरून ठेवली होती. मी एक दगड फोडला, आणि त्यामागं काळोखात काहीतरी हललं. निळं. मग दादा इतक्या जोरात ओरडला की आप्पा गुळाची कढई सोडून पळत आले. विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात. खेळात नारळ नव्हता, म्हणून आईनं खराच नारळ आणून खोलीच्या उंबऱ्यावर फोडला. कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं. दादा नको नको म्हणेपर्यंत मॉनिटरवर बोट उमटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो गेला. आमचा माणूस तसाच राहिला, विहिरीच्या तळाशी, पाण्याकडं तोंड करून. मी पुढं एकटीनं खेळले नाही. कीबोर्ड आणि माउस दोन्ही हातात घेतले की काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं.

गुऱ्हाळाच्या जागेवर आता उसाच्या ट्रॉल्या उभ्या असतात. चिंच मात्र आहे. दादा गुजरातेत, कच्छकडं पवनचक्क्या दुरुस्त करतो. कमरेला पट्टा बांधून, शिडीनं, रोज आभाळात चढतो. त्याला सुट्ट्या मिळतात त्या आमच्या सणांना कधी जुळत नाहीत. यंदाच्या दिवाळीलाही त्याला येता येणार नव्हतं. आईनं ते ऐकून चकलीची भाजणी नेहमीपेक्षा जास्त दळून आणली. का, ते मी विचारलं नाही.

डिस्क मी सुप्याला नेली, कंपनीतल्या एकाकडून वायर घेतली आणि लॅपटॉपला जोडली. ती कण्हत कण्हत चालू झाली. जुना खेळ उघडला. समोर काळा दगड, एक मशाल आणि निळं पाणी. वर टिकलीएवढं आभाळ. मी तिथल्या तिथं दादाला फोन लावला.

"आपन अजून इहिरीतच हाय," मी म्हणाले.

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो असा हसला की मागचा वारासुद्धा ऐकू येईना. "अगं, मग काढ की वर मला! पर इथं तो जुना खेळ माझ्या मोबाईलवर चालायचा न्हाई. आमी सगळे दुसरा खेळतो. त्याच्यात आन गाव. भाऊबीजेला येतो मी. असा न्हाई तर तसा."

म्हणजे गाव उचलून एका खेळातून दुसऱ्या खेळात न्यायचं होतं. तेही भाऊबीजेच्या आत. नाहीतर या वर्षीही त्याचं येणं फोनवरच्या 'जपून राहा' एवढ्यावर भागणार होतं.

असं गाव हलवायला लोकांनी छोटे प्रोग्रॅम लिहून ठेवलेत. त्यांना एक तक्ता द्यावा लागतो. जुन्यातला हा ठोकळा म्हणजे नव्यातला तो. जे तक्त्यात नसेल त्याची हवा होते. सुट्टीच्या दिवशी काष्टीला येऊन मी हे ओसरीवर करत बसायचे आणि आप्पा शेजारी.

पहिल्यांदा गाव उघडलं तर आमचा लव्हाळा नव्या खेळात गेल्यावर खराखुरा ऊस झाला होता. त्या श्रीमंत खेळात ऊस म्हणून रोपच आहे. आप्पांनी मांडीवर थाप मारली. "आपन म्हनत व्हतो तेच खरं निघालं!" चिंचेचा पाला मात्र तक्त्यात नव्हता, त्यामुळं आख्खी चिंच बोडकी. काहिलीची हवा झालेली. मी एकेक दुरुस्त करत गेले. नव्या खेळात मधाचा एक ठोकळा आहे, तपकिरी, चकचकीत, त्यावरून चालताना पाय चिकटतो. मला वाटलं, गुळाला याहून चांगलं काय? तक्त्यात लिहिलं, नारिंगी लोकर म्हणजे मध.

पुन्हा उघडलं. ढेपा अशा देखण्या दिसत होत्या की खाव्याशा वाटाव्यात. पण मारुतीचा शेंदूर आम्ही नारिंगी लोकरीनंच लावला होता हे माझ्या ध्यानात नव्हतं. देवळात आख्खा मारुती गुळाचा होऊन चमकत होता.

आईनं चष्मा लावून नीट पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली. "परसादाची सोय झाली."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग मी विहिरीत उतरले. शिडी उतरत गेले, उतरत गेले, आणि मधेच पायाखालचं सगळं संपलं. तळ नव्हता. पाणी नव्हतं. माझा माणूस शिडीवरून निसटला आणि काळ्या पोकळीत पडत पडत जगाच्या बाहेरच गेला.

नव्या खेळाला खालीही हद्द आहे आणि वरही. जुन्या खेळात ती आम्हाला कधी लागली नव्हती. हद्दीबाहेरचं सगळं तो प्रोग्रॅम कापून टाकत होता. विहीर राखायची तर आख्खं गाव वर उचलून बसवायचं. पण तसं केलं की धुराड्याचं डोकं वरच्या हद्दीपलीकडं जाणार, अर्धंअधिक धुराडं कापलं जाणार, दिव्यासकट. दोन्ही मावत नव्हतं. मधला दगड काढून विहीर आखूड करता आली असती. पण मग ती आमची विहीर राहिली नसती, नुसता खड्डा झाला असता.

मी दादाला विचारलं.

"तळ अजिबात न्हाई?"

"न्हाई."

"मग जाऊ दे इहीर," तो म्हणाला. "मी येशीपास्नं येतो. आप्पांच्या धुराड्याला हात लावू नको, बरं का. त्यांना तेवढंच हाय."

त्याच्या आवाजावरून मला कळलं की त्याला विहीर किती हवी होती. तळापर्यंत उतरलेला तो होता. मी नुसती बघत होते.

आप्पा अंगणात लसणाच्या पाकळ्या मोकळ्या करत बसले होते, वाफ्यात लावायला. मी सांगितलं नसतं तर त्यांना कळलंही नसतं. पण माझ्या तोंडावरचं त्यांना लहानपणापासून वाचता येतं. मी सगळं सांगितलं.

"वरचं किती जाईल?"

"लई. दिवा पन जाईल."

"आन् न्हाईतर खालचं काय जातंय?"

"पानी जातंय."

त्यांनी एक पाकळी मोकळी करून टोपलीत टाकली. "आन् दादा?"

"तळालाच हाय की तो. तसाच उभा."

"मग इचारती काय?" आप्पा चिडल्यासारखं म्हणाले. "पोराला खाली ठिवून मी वर दिवा लावू व्हय? काप धुराडं. बुटक्या धुराड्यावर गूळ केलाय मी जन्मभर."

आणि ते पुन्हा लसणाकडं वळले. मी आत जाऊन गाव वर उचललं. डोळ्यांत पाणी आलं ते लसणामुळं, असं मी आईला सांगितलं, आणि आईनं ते मानल्यासारखं केलं.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळीच लॅपटॉप ओसरीवर मांडला. उटण्याचा वास अजून अंगाला होता. आई ताम्हणात निरांजन, सुपारी, अक्षता घेऊन तयार. आप्पा नवी टोपी घालून खुर्चीत. फोन स्पीकरवर, त्यात कच्छचा वारा घोंघावत होता. नव्या खेळात पहिल्यांदा येणारा माणूस कुठं उगवावा ते ठरवता येतं. मी ते ठरवून ठेवलं होतं, तळाशी, पाण्याकडं तोंड करून.

"आलो," दादा म्हणाला. मग, "अगं, काळं दिसतंय सगळं. धडकलो मी."

"मान वळव."

"बघायचं काम तुझं हाय न्हवं?"

"आता तुझं तूच बघ," मी म्हणाले. "थांब, मी येते खाली."

मी शिडी उतरले. मशालीच्या उजेडात पाण्याकाठी कुणीतरी उभं होतं, भिंतीकडं तोंड करून, भांबावलेलं. ते वळलं. आणि मला एकदम जाणवलं की त्या गावात आम्ही एकमेकांना कधी पाहिलंच नव्हतं. इतके दिवस आम्ही एकच माणूस होतो. आता दोघं समोरासमोर उभे होतो. तो उगाच खाली वाकून उभा राहिला, पुन्हा वाकला. मीही वाकले. या खेळात नमस्कार असाच करतात.

"पानी हाय गं," दादा हळू म्हणाला.

"हाय."

माझे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून माझ्या वतीनं आईनंच लॅपटॉपला ओवाळलं. "जरा लांबनं," आप्पा म्हणाले, "त्याला झळ लागंल." मग आम्ही वर निघालो. तो पुढं, मी मागं. टिकलीएवढं आभाळ भाकरीएवढं झालं, मग परातीएवढं, आणि आम्ही बाहेर पडलो. ऊस उभा होता. चिंचेला पाला होता. मारुती पुन्हा शेंदरी झाला होता. गुळाच्या ढेपांवर दादाचा पाय चिकटला आणि तो खदाखदा हसला. मग तो धुराड्याखाली आला आणि थांबला.

"कापलं का गं?"

"चढ तर खरा," आप्पा म्हणाले. "दिवा लाव एक. हाय तेवढ्यावर."

"माझं रोजचंच काम हाय हे," म्हणत तो चढला, एकेक ठोकळा बाजूला लावत. मी खालून त्याला लहान होताना पाहत होते. टोकावर जाऊन तो थबकला.

"आप्पा, दिवा लागंना."

"लागंना कसा? नीट लाव."

"लावतोय. लाल अक्षरं येत्यात खाली. इथनं वर काईच लावता येत न्हाई म्हनतंय. जागाच न्हाई वर."

आप्पा खुर्चीच्या कडेवर आले. "जागा न्हाई म्हंजे? वर काय हाय?"

"काईच न्हाई. संपलं. आभाळाची हद्द हाय ही."

आप्पा पडद्यावर धुराड्याच्या त्या टोकाकडं बघत राहिले. त्यांचे ओठ 'अजून एक' म्हणायला हललेले मी पाहिले. पण ते म्हणाले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा नीट घातली, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "अगं, ऐकलं का? आपलं धुराडं आभाळाला टेकलं!"

आई ताम्हण हातात धरून पडद्याकडं वाकली. धुराडं पाहिलं, मग गावाच्या दुसऱ्या टोकाला तिची दोरी होती ती शोधून काढली.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "आता तरी माझं धुनं पांढरं ऱ्हाईल."